कागदाची पाठ

मला मूर्ख समजू नकोस. काळी मरून चाळीस वर्षं झाली.

हे आधी लिहून टाकलं. तारीख, आशीर्वाद, हवापाणी यांत शिरले की माझा राग निवतो, आणि हा राग मला निवू द्यायचा नाही.

आता तारीख. चार, मंगळवार, सकाळचे साडेनऊ.

चि. मिरची हिला आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे. कंबर होती तशीच. न्हाणीघराचा नळ गळतो, तो पण होता तसाच. तुम्ही सगळे कसे आहात हे मी विचारत नाही. सात आठवडे विचारते आहे आणि सात आठवडे तू मला बनवते आहेस.

हो, तूच. तुझ्या बापाच्या फोनवरून मला रोज सकाळी जे येतं, ते तुझा बाप लिहीत नाही, तू लिहितेस. तोंड वेंगाडू नकोस, ऐक.

तुझा बाप मला दर रविवारी फोन करायचा, तो जेवता जेवता. तोंडात घास, मागे तुमची भांडी वाजताहेत, आणि हा लिफ्ट दुरुस्त करता करता कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडला ते मला सांगतोय. मी म्हणायची, आधी गिळ मग बोल. तो म्हणायचा, तू आधी डॉक्टरकडे जा मग बोल. मग मी चिडायची, तो चिडायचा, आणि फोन बंद. असं आमचं बरं चाललं होतं.

आणि सात आठवड्यांपूर्वी एकदम फोनचा आवाज गेला म्हणे. ‘माइक खराब झालाय, आता मेसेज करत जाईन.’ वीस वीस मजल्यांच्या लिफ्टा चालत्या करणारा माणूस, आणि त्याला सात आठवडे तळहाताएवढा फोन दुरुस्त होत नाही? माझे मेसेज येतात ते खालच्या शिंपिणीच्या फोनवर. तिला मी म्हटलं, लाव गं फोन, बघू. तिनं लावला. वाजला, वाजला, कुणीतरी कापला. लगेच लिहून आलं, ‘मीटिंगमध्ये आहे.’ शिंपीण मशीनवर डोकं ठेवून हसली. म्हणाली, “मावशी, लिफ्टच्या खड्ड्यात कसली हो मीटिंग?” मी पण हसले. मग दोघींचं हसू एकदमच थांबलं. तिनं ब्लाउजचा काठ पुन्हा मशीनखाली सरकवला आणि मी जिना चढून वर आले.

नंतर रोज सकाळी आठला एक फूल. ‘गुड मॉर्निंग आई, जेवलीस का, काळजी घे.’ आठ वाजता कोण जेवतं? आणि बावन्न वर्षांत त्यानं मला जेवलीस का म्हणून विचारलेलं नाही. घरी आला की जेवणाची भांडी कुठायत ते विचारतो.

म्हणून मागल्या आठवड्यात मी शिंपिणीकडून लिहून घेतलं, ‘आपली काळी व्यायली. पाच पिल्लं झाली.’ काळी म्हणजे आमची कुत्री. तुझा बाप बारा वर्षांचा होता तेव्हा ती गेली. त्यानं स्वतः खड्डा खणून तिला पुरली आणि दोन दिवस जेवला नाही. तिचं नाव मी आज घेतलं तरी तो विषय बदलतो. मी वाट बघत बसले. आता शिव्या येतील, आता म्हणेल म्हातारे तुला भ्रम झालाय. मला त्या शिव्या हव्या होत्या.

आलं काय? ‘वा! पिल्लांचे फोटो पाठव ना.’ आणि पुढं तीन हसरी तोंडं.

ती तीन तोंडं तुझी. परीक्षेचा निकाल कळवलास तेव्हाही तीनच होती.

शिंपीण म्हणाली, “मावशी, कामाच्या घाईत लिहिलं असेल त्यांनी.” आणि दोरा ओवत बसली. सुईत दोरा जाईना तिच्या.

फोनच्या अक्षराला काही विचारता येत नाही, मिरचे. तू लिही, तो लिही, रस्त्यावरचा कुणी लिहो, सारखंच दिसतं. म्हणून काल टपाल कचेरीत गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, “आजी, पाकीट? हल्ली पाकीट कोण नेतं?” मी म्हटलं, “मी नेते. दे.” त्यानं तीन खण उघडले, शेजारच्या खिडकीतल्या बाईला विचारलं, मग एक पाकीट निघालं. त्याचा डिंक कधीचा वाळलेला. म्हणाला, मेसेज का करत नाही, फुकट जातो, एका सेकंदात. मी म्हटलं, म्हणूनच. त्याला कळलं नाही. त्याला कळायचं कारणही नव्हतं.

आता तुला जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बापाला अर्धं माहीत आहे. ते अर्धंही त्याला पुरलंय.

मी दुसरीपर्यंत शिकले. पुढचं लिहायला शिकले ते तुझ्या आजोबांच्या पत्रांवरून. ते लांब बोगद्याच्या कामावर असायचे. महिन्याला दोन पत्रं, एक मला, एक त्यांच्या आईला. ती तेव्हा माझ्या नणंदेकडे राहायची, दुसऱ्या गावी. माझ्या नावचं पत्र आलं की मी त्याच्यावर पातळ कागद धरून अक्षरं गिरवायची. दुसरं पुस्तक घरात नव्हतं. त्यामुळे माझं अक्षर म्हणजे हुबेहूब त्यांचं अक्षर. आता वाचते आहेस तेही त्यांचंच.

मी सव्वीस वर्षांची असताना बोगदा बसला. दोन माणसं त्यांची ट्रंक घेऊन दारात आली.

नणंदेनं निरोप धाडला. आईचं काळीज कमजोर आहे, डॉक्टर म्हणाले धक्का सोसणार नाही, तिला कळू देऊ नका, तुमचं अक्षर तसंच आहे, तुम्हीच लिहा. मी लिहिलं. ‘आई, मी खुशाल आहे. काम जोरात आहे. रजा मिळत नाही.’ पत्र पाकिटात घालून बोगद्यावरच्या त्यांच्या एका सोबत्याकडे पाठवायची, तो तिथून टपालात टाकायचा, म्हणजे शिक्का तिथला उमटावा. बघ, किती हुशार होते मी. अकरा महिने, अकरा पत्रं.

आणि तुझा बाप सात वर्षांचा. पोर आहे, आजीजवळ बोलून जाईल, म्हणून त्यालाही सांगितलं नाही. तो पण बापाला पत्र लिहायचा. वाघ काढायचा त्यात, मांजरासारखा दिसायचा. त्याची उत्तरं मीच दिली. ‘वाघ छान आहे, शेपूट अजून लांब काढ.’ तो शेपूट लांब काढायचा.

मग सासूबाई खरंच अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं आणि उशीखालून पत्रांचा गठ्ठा काढला. त्यांना वाचता येत नव्हतं. नणंदेचा नवरा वाचून दाखवायचा, मग त्या कागद हातात घ्यायच्या. मला वाटायचं, माया म्हणून.

म्हणाल्या, “इकडे ये. ह्याला हात लाव.” जुनं पत्र होतं. उलटं धरून माझं बोट त्यावरून फिरवलं. पाठीवर प्रत्येक अक्षर उठलेलं. तुझे आजोबा दगड फोडणारे, पेन्सिल धरायचे ती पहारीसारखी. मग माझं पत्र दिलं. “आता ह्याला लाव.”

गुळगुळीत होतं. मी अक्षर गिरवलं होतं, त्यांचा हात काही मला गिरवता आला नव्हता.

मी विचारलं, “कधी कळलं?”

“पहिल्यालाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सगळी मला जपत होतात. म्हटलं, जपू देत.” पत्रं पुन्हा उशीखाली सारत म्हणाल्या, “न्हाणीघरात नळ सोडून रडायची मी. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये. तुमचं खोटं मोडलं असतं.”

मी त्यांना पाणी पाजलं. दुसरं काय करणार? चार दिवसांनी त्या गेल्या. धक्क्यानं नाही, वयानं. डॉक्टर म्हणाला त्यापेक्षा ती बाई घट्ट होती. पण पोटचा मुलगा गेलेला, आणि अकरा महिने तिच्याजवळ कुणी येऊन बसलं नाही, कुणी तिचा हात धरला नाही, कारण आम्हा शहाण्यांच्या हिशेबी तिला काही ठाऊकच नव्हतं. मी तिला धक्क्यापासून वाचवलं नाही. मी तिला एकटीला रडायला लावलं.

त्यांच्या मागोमाग तुझ्या बापाला खरं सांगावं लागलं. मी ट्रंकेत लपवून ठेवलेले सगळे वाघ त्यानं फाडले. दोन वर्षं मला आई म्हणून हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायचा, नाहीतर नुसता समोर येऊन उभा राहायचा. पुढं मोठा झाल्यावर एकदाच त्यावर बोलला. म्हणाला, तुला काही झालं तर मला तोंडावर सांग, आणि मला काही झालं तर मी तुला तोंडावर सांगेन. ह्या घरात पुन्हा कुणाची खोटी खुशाली नको.

आता माझं म्हणणं समजून घे.

तुझा बाप मला शिव्या देईल, रागावून चार महिने फोन करणार नाही. पण खोटी खुशाली तो पाठवणार नाही. कुणाला पाठवूही देणार नाही. म्हणजे तू जे रोज पाठवते आहेस ते त्याला माहीत नाही. आपल्याच फोनवरून सात आठवडे काय जातंय हे ज्याला माहीत नाही, तो माणूस कुठं आहे? कशा अवस्थेत आहे? की

इथं पेन थांबलं होतं. शिंपीण वर आली होती फोन घेऊन. आजचं फूल उशिरा आलं. ‘आई, आज कामावर चाललोय. तब्येत एकदम मस्त.’

तब्येत मी विचारलीच नव्हती.

शिंपीण दारातच उभी राहिली. म्हणाली, “मावशी, काय कळवू?” मी म्हटलं, “काही नको. बस इथं जरा.” ती बसली आहे. शिवण सोडून आली आहे. कुणीतरी जवळ बसलं की काय होतं ते मला ह्या वयात कळतंय, आणि मला ते आवडत नाही, पण तिला मी जा म्हणत नाहीये.

मिरचे, तुझ्यावरचा माझा राग आता गेला. तुला हे कुणी सांगितलं असेल ते मी ओळखते. आजीचं वय झालं, तिला सोसणार नाही, तूच लिही बाबांच्या फोनवरून, तुला जमतं. माझ्या नणंदेचं बोलणंही असंच होतं. सांगणारी माणसं वाईट नसतात. घाबरलेली असतात. पण एकोणीस वर्षांच्या पोरीनं रोज सकाळी उठून बापाच्या नावानं ‘मी मस्त आहे’ लिहायचं, आणि मग कॉलेजला जायचं की दवाखान्यात, की आणखी कुठं, हे मला चालणार नाही. मी केलंय ते. हाताला लागतं. पंचेचाळीस वर्षं झाली, माझ्या स्वतःच्या हाताची मला खात्री वाटत नाही.

तेव्हा आजपासून तो फोन तू हातात घ्यायचा नाहीस.

तुझ्या आईचा नंबर माझ्याकडे नाही. दोन वर्षांपूर्वी मीच शिंपिणीला पुसून टाकायला सांगितला. माझा मुलगा तू लांब नेलास, असं मी तिला म्हणाले होते, चारचौघांत. ती उलट काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. हे तिला वाचून दाखव. माफी वगैरे मी मागत नाही, मला ती मागता येत नाही. पण मी जे म्हणाले ते चूक होतं, एवढं ह्या कागदावर लिहिलेलं आहे. कागद तिनं ठेवला तरी चालेल.

आणि तिला म्हणावं, पहिल्या ओळीत काय ते लिही. आहे की नाही. आहे तर कुठं, शुद्धीत आहे का, मला ओळखेल का. खुशाली, आशीर्वाद, हवापाणी सगळं नंतर. तिला माझ्यावर जो राग आहे तोही लिहू दे, मी वाचीन. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, चार ओळी असल्या तरी चालतील. पेन दाबून लिहायला सांग.

काय रडायचं ते मी खोलीत बसून, दार उघडं ठेवून रडेन. शेजारीपाजारी येतील, शिंपीण येईल. मी नळ सोडणार नाही.

दहा दिवस वाट बघेन. अकराव्या दिवशी कंबर गेली खड्ड्यात, शिंपिणीला घेऊन तुमच्या दारात उभी राहीन.

पाकिटाचा डिंक चिकटत नाहीये, म्हणून दोऱ्यानं शिवून पाठवते आहे. फाडताना आतला कागद जप.

तुझी, अजून सगळं सोसू शकणारी,
आजी

उत्तर तुझ्या आईनं लिहायचं. तिच्या हातानं, तिच्या नावानं. तू नाही.