कोमट हरभरे

आई, तू गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी आता तुझाच विषय शिकवते, पलासियाच्या एका कोचिंगमध्ये. तिथे प्रयोगशाळा नाही, पडदा आहे. श्वसनाचा धडा आला की मी बटण दाबते, पडद्यावर बिया श्वास घेतात आणि मुलं जांभया देतात. परवा तो धडा घेताना तुझ्या इन्स्पेक्शनचा दिवस आठवला आणि मी एकटीच हसले.

तेव्हा मी आठवीत, तुझ्याच वर्गात. घरी आई, शाळेत मॅडम. चुकून आई म्हटलं की तुला ऐकू यायचं नाही. तुझी नोकरी पक्की व्हायची होती आणि ती इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर अडली होती. बियासुद्धा श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते, हे तुला दाखवायचं होतं. एका थर्मासमध्ये मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकडलेले. जिवंत गरम होतील, मेलेले थंड राहतील. शाळेकडे थर्मास एकच, त्यात तू मेलेले भरलेस. जिवंतांसाठी घरचा निळा काढलास. बाबा तुकोगंजच्या दफ्तरात कामाला जाताना रोज चहा न्यायचे तो थर्मासही निळाच, एकाच दुकानातून जोडीने घेतलेला. सकाळी दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी उभे होते. बाबांनी घाईत हरभरे उचलले.

वर्गात साहेब पहिल्या बाकावर वही उघडून बसले आहेत. तू त्यांच्याकडे बघत बोलतेयस, बोलता बोलताच झाकण काढतेस, थर्मामीटर सोडतेस आणि मला वाचायला बोलावतेस. मी वाचते, सदुसष्ट. मेलेल्यांचं सव्वीस. साहेब चष्मा सारखा करून म्हणतात, "वाह मैडम, चने में इतनी गर्मी," आणि लिहायला लागतात. मला आल्याचा वास येतो. तुलाही आला असणार, कारण तू थर्मासमध्ये डोकावलीस. नुसतं गप्प राहायचं होतंस, आई. तू थर्मामीटर पुसलंस आणि म्हणालीस, "साहब, ये चने नहीं हैं, चाय है. चने हमारे मिस्टर दफ्तर ले गए."

भीतीने कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "शक्कर डली है?" तू म्हणालीस, आहे, पण थर्मामीटर बुडवलेला चहा पिता येणार नाही, आणि सगळा मोरीत ओतलास. साहेबांचा चेहरा खरा उतरला तो तेव्हा. शेरा पडला, प्रयोग अपूर्ण. नोकरी पक्की व्हायला आणखी एक वर्ष लागलं.

संध्याकाळी बाबा आले ते खुशीत. दफ्तरात थर्मास उघडला तर हरभरे. सगळ्यांना वाटलं, वहिनींनी नाश्ता पाठवला. कांदा, लिंबू, वरून शेव, दहा मिनिटांत फस्त. मीठ तेवढं कमी होतं, म्हणाले. मी दारात उभी, आता काय होतंय ते बघत. तू पोळी तव्यावर तशीच सोडून विचारलंस, "गरम होते का?"

"कोमट होते. पाठवतानाच गरम केले होतेस ना?"

तू जी हसलीस ती पोळी जळेपर्यंत. मग पदराला हात पुसून वहीत लिहिलंस की हरभऱ्यांनी श्वास घेतला, आणि साक्षीदार म्हणून बाबांची सही घेतलीस. त्यानंतर त्यांना जे बोललीस ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

मागच्या आठवड्यात मीही हौसेने एक खरा प्रयोग वर्गात नेला. पान उन्हात आपलं अन्न बनवतं, हे दाखवायला. घरीच स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढला, वर्गात आयोडीन टाकलं. पानात पिष्ट असेल तर निळंकाळं व्हायला हवं. झालं नाही. माझ्या बाल्कनीत ऊन येत नाही, पान बिचारं उपाशीच होतं. तरी मी म्हटलं, बघा, निळं झालं. सगळ्या वर्गाने "यस मॅम" म्हटलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅम, ये तो ब्राउन है." मी तिला म्हटलं, लाइट ठीक नहीं है, बैठ जाओ. ती बसली.

उद्या तिचा वर्ग आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तिला काय सांगायचं ते आधी तुझ्यासमोर बोलून बघत होते. पहिलं वाक्य अजून जमत नाहीये.