पोटकलम तीन, परंतुकासह

३ जून, सकाळी ६.५०
आजपासून पाचला उठायचं ठरलं होतं. सहा पन्नासला उठलो, पण ताजातवाना उठलो. डीन होणाऱ्या माणसाला झोप पुरेशी हवी.

डीन अजून झालेलो नाही, ही तांत्रिक बाब आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे दोन खोल्यांत संध्याकाळचे वर्ग म्हणून सुरू झालेला आमचा विधी विभाग या सत्रापासून स्वतंत्र लॉ स्कूल होतोय. स्वतःची इमारत, स्वतःचा डीन, स्वतःची नियमावली. आणि नियमावलीचा मसुदा करायला विद्यापीठाने कोणाला सांगितलं? मला. यातून जे समजायचं ते मी समजलो.

५ जून
मसुद्याला सुरुवात. नवीन पेन. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य: या संस्थेत नियम सर्वांना सारखा लागू राहील. वाचून माझ्याच अंगावर काटा आला. आज एवढ्यावर थांबलो. संस्थेला वळण लावायचं काम घाईचं नसतं.

संकल्प: चहात साखर बंद. दुसऱ्या कपापासून.

९ जून
डीनच्या खोलीची पाहणी. दुसरा मजला, दोन खिडक्या, पश्चिमेचं ऊन. पडद्यांचं माप घेतलं. जिन्यात ग्रंथपाल बाई पुस्तकांचे खोके मोजून घेत होत्या. माझ्या हातात टेप बघून म्हणाल्या, बरं झालं, रॅक मोजायला हवीच होती. देऊन टाकली. संदर्भ कसे शोधायचे याचा आठवड्यातून एक तास त्या मुलांना शिकवतात, तेवीस वर्षं. गरीब स्वभाव. डीन झालो की त्यांच्यासाठी काहीतरी करीन.

१२ जून
धोका. डीनपदासाठी फौजदारी कायद्याच्या मॅडमचंही नाव चर्चेत आहे म्हणे. त्यांच्या वर्गाला मुलं खिडकीतसुद्धा बसतात, असं स्टाफरूममध्ये कोणीतरी कौतुकाने सांगत होतं. खिडकीत बसायला लागणं ही गैरसोय आहे. माझ्या तासाला प्रत्येकाला ऐसपैस बाक मिळतो.

१३ जून, दुपारी
सुचलं! मॅडम मध्यंतरी आठ महिने परदेशात शिकवायला गेल्या होत्या. म्हणून कलम सात, पोटकलम तीन: डीनपदासाठी या संस्थेत मागील पंधरा वर्षं सलग अध्यापन आवश्यक. यावर मॅडम म्हणतील, ती रजा कामाचीच होती. म्हणून लगेच अट जोडली, जिला आम्ही परंतुक म्हणतो: परंतु, कोणत्याही कारणाने घेतलेली तीन महिन्यांहून अधिक रजा हा खंड मानला जाईल. मुंगी शिरायला फट ठेवली नाही. अठरा वर्षं करार कायदा शिकवणाऱ्याचा मसुदा असा असतो.

मॅडमबद्दल मनात काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२० जून
संकल्प: रोज फिरायला जाणे. डीनचा फोटो भिंतीवर कायमचा लागतो, पोट दिसता कामा नये. आज बूट शोधून ठेवले.

२८ जून
मंडळाच्या बैठकीत नियमावली एकमताने मंजूर. कलम सातला अनुमोदन चक्क मॅडमनी दिलं, तेही हसत हसत. फौजदारीवाल्यांना मसुदा वाचता येत नाही, हे मी नेहमी म्हणतो.

घरी येऊन बायकोला पोटकलम मोठ्याने वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मग पाच वर्षांपूर्वी तुम्ही वर्षभर घरी होतात त्याचं काय? मी हसलो. ती अभ्यासरजा होती, पुस्तक लिहायला. तिने विचारलं, पुस्तक कुठाय? मी सांगितलं, अर्पणपत्रिका तयार आहे. ती म्हणाली, ते परंतुक परत वाचा. आता, कोणत्याही कारणाने म्हणजे इतर कोणत्याही कारणाने, हे समजायला कायद्याचं शिक्षण लागतं. वाद घातला नाही.

८ जुलै
कुलसचिवांसमोर सेवापुस्तकांची छाननी. मॅडम: अपात्र. मी सहानुभूती म्हणून मान खाली घातली. पुढचं नाव माझं: अपात्र. मान आधीच खाली होती ते बरं.

'इतर' या शब्दावर वीस मिनिटं बोललो. कुलसचिव म्हणाले, हा शब्द मसुद्यात दिसत नाही, मसुदा कोणी केलाय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग कोणाचा अपघात, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या आईचं आजारपण असं करत सात जण गळाले. उरल्या फक्त ग्रंथपाल बाई. तेवीस वर्षांत सर्वांत मोठी रजा अकरा दिवसांची, कांजिण्यांची. डीन म्हणून निवड झाल्याचा निरोप गेला तेव्हा त्या शिडीवर होत्या. म्हणाल्या, एवढा कप्पा लावून येते.

९ जुलै
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. बायकोने माझ्या आवडीची भाजी केली होती, ते जास्त लागलं.

पण खचणार नाही. अपील करणार. नव्वद पानी.

११ जुलै
अपील चार पानी झालं. द्यायला गेलो तर कुलसचिवांनी कलम एकोणीस पुढे केलं: अपील डीनकडे करावे, त्यांचा निर्णय अंतिम राहील. तेही माझंच. लिहिताना त्या खुर्चीत कोण बसणार याची माझी कल्पना वेगळी होती.

१५ जुलै
डीनबाईंसमोर सुनावणी. पाऊण तास मला मध्ये न तोडता ऐकून घेतलं, चहा पाजला आणि अपील फेटाळलं. लेखी आदेश, दीड पान. आदेश इतका चोख, की वाचताना तो माझ्याविरुद्ध आहे हे क्षणभर विसरलो. पुढे म्हणाल्या, बाळंतपणाची रजा खंड मानणारी अट या स्कूलमध्ये राहणार नाही, दुरुस्तीचा मसुदा कोण करील? मी हात वर केला. मॅडमनीही केला. काम मॅडमना मिळालं.

१८ जुलै
सकाळी साडेसातला पहिल्या वर्षाचा पहिला तास, बाईंनी मला दिलेला. शेवटपर्यंत बाक भरलेले. इमारत बदलली की माणसाची किंमत कळते.

विषय: नियम. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, नियम करणाऱ्याला त्याचा नियम लागतो का? मी म्हटलं, अर्थात. तिने उदाहरण मागितलं. सगळ्यांनी एकदम वह्या उघडल्या. गर्दी कशासाठी होती ते तेव्हा लक्षात आलं.

काय करणार? दिलं उदाहरण. पोटकलम, परंतुक, अपील, सगळं रंगवून सांगितलं. मुलं खूप हसली, मलाही हसू आलं. अठरा वर्षांत माझा तास इतका चांगला झाला नव्हता. त्या माणसाचं नाव मात्र सांगितलं नाही.

तास संपल्यावर त्या मुलीच्या वहीत डोकावलो. तिने ते नाव तारखेखाली आधीच लिहून ठेवलं होतं.