टॉर्च लावून पाहिलेली गाठ

अहो,

भाकरी टोपल्यात हायेत. मी माहेरी लोह्याला चालले.

लातूर जिल्हा झाला अन् मोठा डॉक्टर जवळ आला, न्हाईतर तुम्ही ते दुखणं अजून लपवलं असतं. काल त्यांनी टॉर्च लावून तुमच्या अंडाजवळची गाठ पाहिली, तवा मी पडद्याआडच होते. पाण्याची गाठ हाय, कॅन्सर न्हाई, त्रास नसल तर कापायची गरज न्हाई, हे तुम्ही घरी सगळ्यांना सांगितलं. तिच्यानं मूल अडत न्हाई, हे तर दोनदा सांगितलं. लगेच तुमच्या आईनं मला बजावलं, उद्या जावेच्या लेकराच्या बारशात पाळण्याला हात लावायचा न्हाई. तुम्ही पेढा खात बसले.

डॉक्टर पुढं काय म्हणाले ते का गिळलं? मूल होत न्हाई तर आधी नवऱ्याचं वीर्य तपासा, मग बायकोला आणा, असं म्हणाले होते ना?

ती तपासणी करा, मगच मला न्यायला या.

टँकरचं पाणी आणून दोन्ही रांजण भरलेत. वांझेनं भरलेलं चालतं का, तेवढं तुमच्या आईला विचारून प्या.

सिंधु