शेवटचा पाव फेरा

अप्पा, आज दुपारी तुमचा आखूड पाना माझ्या हातात होता आणि बोल्ट कुठे थांबला ते मला कळलं नाही.

दहिवलीच्या घरासमोर, पत्र्याखाली, लेकीची मोटरसायकल उभी होती. तिला कुंभिवलीच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून तिच्या गाडीचं ऑइल मीच बदलते. शेजारीण येताजाता हसते, "काकू, शिकलात कॉन्व्हेंटात नि बसता गाडीखाली!" हसू दे. गाडी जरा गरम करून घेतली, इंजिनाखालचा बोल्ट काढला, काळं ऑइल जुन्या टबात निथळू दिलं, नवा वॉशर घातला आणि बोल्ट बोटांनी फिरवत नेला. मग पाना. शेवटच्या पाव फेऱ्यात वॉशर किंचित दबतो आणि हाताला हळूच अडवतो, तिथे थांबायचं. आज काहीच अडवेना. जाड हातमोजे घालून दुसऱ्याच कुणाचं काम करावं तसं वाटलं. पुढे फिरवायला भीती वाटली, म्हणून हात काढून घेतला, वरून नवं ऑइल ओतलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "झालं गं."

तुमचं गॅरेज हायवेला लागून होतं. ट्रेलर गेला की पत्रे थरथरायचे आणि खिळ्यांना टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणायचे. मी शाळेच्या गणवेशातच एसटीतून उतरायचे, आणि स्कर्ट खराब होऊ नये म्हणून तुम्ही माझ्यासाठी कालचा पेपर अंथरायचात. "आधी बोटानं लाव. बोटानं जात नाय त्याला पान्यानं घालू नको," हे तुमचं पहिलं. "बोल्ट लोखंडाचा, ऑइलचा चेंबर ॲल्युमिनचा, मऊ. जोर करशील तर मऊ हाय त्याचेच आटे जातील," हे दुसरं. एकदा एक गिऱ्हाईक बोल्ट जास्त आवळायला पान्याच्या दांडीला पाईप लावायचा हट्ट धरून बसलं होतं. "मास्तर, घाटात सुटला म्हंजी?" तुम्ही पाईप त्याच्याच हातात दिलात. "लाव तू. मंग गाडी डोक्यावर घेऊन चढ घाट." त्यानंतर तुम्ही एका पान्याची दांडी करवतीनं कापलीत, कड कानशीनं घासून गुळगुळीत केलीत आणि मला दिलीत. "यानं तुला जास्त जोर लावताच येणार नाय गं." शाळेत सिस्टर नखं तपासायच्या. माझी बोटं उजेडात धरून त्यांनी विचारलं, हे काळं कसलं, आणि पट्टीचा एक फटका दिला. घरी येऊन रडले तर तुम्ही रॉकेलचा बोळा आणि साबण घेऊन एकेक नख घासत बसलात. "सिस्टरला सांग, तुमच्या मोटारीचं ऑइल बदलायचं झालं की हिकडंच आणा."

मग तो पोशीरचा दूधवाला. पावसाळ्यातलीच दुपार आहे. मी पेपरावर बसले आहे. त्याला टेंपोतून उतरवतात, गुडघ्याला लाकडाची पट्टी बांधलेली, मागून त्याची मोटरसायकल. वळणावर घसरला, रिकामे कॅन रस्ताभर. तो सांगतोय, "रस्त्यावर ऑइल व्हतं मास्तर, कुणाचं तरी सांडलेलं." तुम्ही हातातला पाना ठेवता. गाडीखाली जाता. बोल्ट पडून गेलेला, मागचं चाक ऑइलनं माखलेलं. तुम्ही करंगळी त्या भोकात घालता, फिरवता, आणि बाहेर काढून बघता. आत आटे उरलेलेच नाहीत. "नाय रं," तुम्ही म्हणता, "ऑइल तुज्याच गाडीचं. बोल्ट मीच आवळला व्हता, जास्त आवळला." माणूस जगला, पण त्याचा पाय पुढे कधी सरळ पडला नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक गाडीच्या शेवटच्या पाव फेऱ्याला तुम्ही मला हाक मारायला लागलात. "हात लाव गं, बघ." मला वाटायचं, मी हुशार झाले म्हणून. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना तुम्ही सांगायचात, पोरीला शिकवतोय. मग एका संध्याकाळी तुम्ही मोटरसायकलला टेकून कुणाशी तरी बोलत होतात आणि मला वास आला. केस जळावेत तसा, पण त्याहून जड. तुमचा तळहात तापलेल्या सायलेन्सरवर होता. तुम्ही बोलतच होतात, हसतही होतात. मी ओरडले तेव्हा तुम्ही खाली बघितलंत, हात उचललात, आणि त्या हाताकडे असं बघितलंत की जणू कुणी आपल्या दारात ठेवून गेलेली वस्तू आहे. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणालात, "तुज्या आयला सांगू नको." साखर तोवर तुमच्या बोटांपर्यंत पोचली होती. बोल्टाचं तुम्ही दूधवाल्याला तोंडावर सांगितलंत, बोटांचं मात्र कुणालाच नाही.

माझ्याही साखरेच्या गोळ्या चालू आहेत, अप्पा. लेकीला तेवढं माहीत आहे. काल पोळ्या झाल्यावर अंगठ्यावर मोठा फोड दिसला. कधी भाजलं ते आठवत नाही, कारण भाजलेलं कळलंच नव्हतं.

तर आज मी "झालं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. ती हेल्मेट घेऊन बाहेर आली. पळसदरीकडचा रस्ता सकाळपासून ओला, पुढे हायवेला ट्रेलरची रांग. तिने किल्ली फिरवली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब. हात लाव गं, बघ."

"आई, उशीर होतोय मला!"

"लाव म्हणते ना."

ती कुरकुरत गुडघ्यावर बसली. पाना लावला आणि मान वर केली. "अगं, हा सैल आहे! चांगलाच सैल!"

"मग आवळ. सावकाश. वॉशर दबेल."

पाना थोडा फिरला. मला तिचं मनगट दिसत होतं. "दबला," ती म्हणाली, आणि मी काही सांगायच्या आत आपली आपणच थांबली. मग हसली. "मुद्दाम ठेवलास ना? परीक्षा घेत होतीस माझी?"

मी हो म्हणाले.

ती गेली, त्याला बराच वेळ झाला. गाडी होती तिथे अंथरलेला पेपर मी दोनदा उचलून बघितला, कोरडा आहे. पोचल्याचा फोनही आला. तरी बाहेर ट्रेलरचा हॉर्न वाजला की लिहिता लिहिता हात थांबतो. तुम्ही गेल्यापासून पाना ज्या फडक्यात जपलाय, त्यातच हा कागद गुंडाळून ठेवणार आहे.

निघताना ती पाना आपल्या बॅगेत टाकत होती, "आता हे काम माझं," म्हणत. अप्पा, बोटांचं न सांगताच मी तो तिच्याकडून परत मागून घेतला.