काढलेल्या वस्तूंची वही

सोमवार, ३ तारीख

आज लेकीकडे राहायला आलो, कायमचा. पोर इवलीशी होती तेव्हापासून मी तिला चिमणी म्हणतो. आता तिचेही केस पिकायला लागलेत. माझी खाट तिने आधीच खिडकीपाशी घालून ठेवली होती. बाबा, आता नुसता आराम करायचा, म्हणाली. मला आरामाचीच धास्ती. रिकामा म्हातारा म्हणजे घरातली अडगळ. जावई विकायच्या घरांचे आतून फोटो काढतात. त्यांना सामान हलवायला माणूस हवाच होता. मी लगेच हो म्हटलं. चौथीपर्यंतच शिकलोय, पण अक्षर बरं म्हणून ही वही माझ्याकडे आली. काय काढलं, कुठून काढलं, ते लिहायचं, म्हणजे नंतर जागच्या जागी ठेवता येतं. मागच्या पानांवर माझं लिहीन.

मंगळवार, ४

जावयांनी बरंच समजावलं. कॅमेरा कमरेएवढ्या उंचीवर आणि अगदी सरळ, नाहीतर भिंती कलंडलेल्या दिसतात. खोलीत नजर टेकायला एकच जागा हवी. दिव्याच्या मागे कोटाच्या खुंट्या आल्या की दिव्याला शिंगं फुटतात. हे ऐकून मी पोट धरून हसलो. बाकी चपला, औषधं, कॅलेंडर, टॉवेल ही सगळी ‘मागची गर्दी’. ती काढायची. काही फुटेल म्हणून दिवसभर जीव टांगणीला होता. काही फुटलं नाही.

गुरुवार, ६

आजच्या घरात नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. खिडकीतल्या खुर्चीत आजी बसलेल्या, त्यामुळे खिडकी भरल्यासारखी दिसत होती. मी त्यांना हात धरून मागच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. वहीत लिहिलं: खुर्ची, काठी, आजी. जावई म्हणाले, बाबा, माणसं लिहायची नसतात हो. खूप हसले. काम संपल्यावर खुर्ची जागेवर ठेवली. काठी चुकून आमच्याच गाडीत आली. आजींना आत आणायचं राहूनच गेलं. येतील आपल्या आपण.

शुक्रवार, ७

काठी द्यायला गेलो. सूनबाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, कुणाची काठी? आमच्याकडे म्हातारं कुणी नाही. आई कधीच्या गेल्या. त्यांच्या खांद्यावरून मला मागचा व्हरांडा दिसत होता. आजी कालच्याच जागी, कालच्याच लुगड्यात. सूनबाई आत वळल्या आणि वाटेत स्टूल असावं तशा त्यांना वळसा घालून गेल्या. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काठी घेऊन परत आलो. जेवलो. झोप लागली.

सोमवार, १०

तीन दिवस नुसता हात चोळत होतो. आज मागच्या दाराने गेलो. आजींना हात धरून खिडकीतल्या खुर्चीत बसवलं, काठी हातात दिली. लगेच आतून सूनबाईंचा आवाज आला: आई, औषध घेतलंत का? आज असं काय झालंय तुम्हाला, जागच्या हलत नाही! मी वहीत आजींच्या नावापुढे बरोबरची खूण केली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

बुधवार, १२

जावई लहान घर शोधताहेत, म्हणून आज आपल्याच घराचे फोटो. मी सामान काढत होतो, नोंद करत होतो. शेवटी ते कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, अजून मागे गर्दी वाटते. चिमणी म्हणाली, बाबा, जरा पलीकडच्या खोलीत बसा ना, दोनच मिनिटं. वही काखेत घेऊन गेलो. तिथून ओरडून सांगितलं, मला विसरू नका हं. दोघं हसली.

फोटोंचे आवाज आले. मग कपाटं सरकल्याचे. मग भांड्यांचे.

माझी नोंद करायला कुणी नव्हतं. वही माझ्याच हातात होती.

गुरुवार, १३

दोनच पानं वाढली. हाक मारली. हाक मारली म्हणजे — ओरडलो. जावयांनी पंख्याकडे पाहिलं, आवाज करतो म्हणाले.

खाट नाही. तिथे कुंडी.

शुक्रवार, १४

आपण होऊन खिडकीपाशी जाऊन बसलो. उपयोग नाही. वस्तू आपली आपण परत येत नाही, कुणीतरी ठेवावी लागते. चिमणी एकदा थबकली. थेट माझ्याकडे — म्हणाली, काका, कोण हवंय तुम्हाला? आवाज गोड. परक्यांशी बोलतो तसा. मी म्हटलं, चिमणे — पण तोवर तिने मान फिरवली होती.

भूक लागत नाही. भीतीही आता फारशी —

शनिवार, १५

वही उघडी ठेवतोय, जेवायच्या टेबलावर. तिचं लक्ष जाईल. माझं अक्षर ओळखते ती, लहानपणी तिच्या पाटीवर मीच —

काढलेलं: खाट, चष्म्याचं घर, बाबा.
कुठून: खिडकीपासून. कुंडी आहे तिथून.
कसं ठेवायचं: जड नाही. हात धरायचा, उजवा, आणि बाबा म्हणून