नवव्या भागातली दाई

४ जून

चि. भिंगरीस,

अ. आ. आणि त्यासोबत वैताग, तो वेगळा.

आपल्या मालिकेचा नववा भाग पाठवते आहे. पुस्तकांच्या दुकानदाराने तो माझ्या टेबलावर आपटला तेव्हाच समजले, या खेपेला लेखिकेला आवरणारं कुणी उरलेलं नाही. सव्वासहाशे पानं. मुखपृष्ठावर राजपुत्र उघड्या छातीने उभा, केसांतून पाणी निथळतंय. समुद्राखालच्या अख्ख्या राज्याचा वारस, पण अंगात घालायला एक सदरा नाही. मी नेहमीप्रमाणे ते मुखपृष्ठ आधी फाडून टाकलं. मग पुस्तक उसवलं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले, एकेक वाचला, आणि वाचून झाला तसा दोऱ्याने शिवत गेले. वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासून या बाईची पुस्तकं अशीच तुझ्याकडे येत आली आहेत, आधी माझ्या हातून जाऊन मग तुझ्या हाती.

आता माझं ऐक. राजपुत्राचे डोळे आठव्या भागापर्यंत हिरवे होते. या भागात ते आधी राखाडी होतात, मग सोनेरी, आणि गुहेतल्या रात्री 'वादळी'. इतकी वर्षं पुठ्ठ्यांसाठी कापडं घेते आहे, वादळी नावाचा रंग मला कुणी दाखवलेला नाही. बरं, हा गृहस्थ राजकन्येला शंखाच्या मनोऱ्यात कोंडतो, ते म्हणे तिच्या रक्षणासाठी. ती पन्नास पानं रडते आणि दार उघडल्यावर त्याच्याच गळ्यात पडते. मला किळस आली. चुंबनं तर इतकी, की लेखिकेला दर ओळीमागे पैसे मिळतात की काय असं वाटावं.

तरीही खोटं कशाला बोलू, बुडत्या जहाजाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. शिजवलेली खळ भांड्यात वाळून गेली, तरी उठले नाही. बाईला लिहिता येतं, म्हणून तर जास्त संताप होतो.

एक गोष्ट मात्र मला अजिबात सहन झाली नाही. ती मी सांगत नाही. वाचताना तुझ्या लक्षात येईलच, मग दोघी मिळून शिव्या घालू.

इकडे ठीक. उजवा अंगठा कुरकुरतो. घरमालकाचा मुलगा दोनदा येऊन माझ्या खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला. तुझ्या घराची किल्ली मिळाली का? तुझे दंतवैद्य काय म्हणतात? सविस्तर लिही.

राजपुत्रावरचा माझा लोभ आटला. तुझा माझ्यावरचा आटू देऊ नकोस.

तुझी,
आत्या


१९ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं आणि संपलंही. एक्स-रेच्या खोलीत दोन रुग्णांच्या मधल्या वेळात, शिशाचा झगा अंगावर तसाच ठेवून वाचत होते. मनगट मोडलेले एक आजोबा आत येऊन माझ्यासमोर बसले, तरी मला पत्ता नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, की बाई, माझं हाड महत्त्वाचं की तुमचं पुस्तक. मी त्यांचे दोन फोटो जास्तीचे काढून भरपाई केली.

तू एवढ्या शिव्या घालतेस खरी, पण दोनशे चाळीसाव्या पानावर तुझा खळीचा अंगठा उमटला आहे आणि ते पान नेमकं गुहेतल्या रात्रीचं आहे. तिथे हात बराच वेळ रेंगाळलेला दिसतो. बाकी काय ते तूच जाण.

मनोऱ्यात कोंडण्याबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर. मलाही किळस आली. असला माणूस आमच्या विभागात आला असता, तर त्याला थंडगार टेबलावर तासभर निजवून मी जेवायला गेले असते. आणि तुला सहन झालं नाही ते काय, हे मी ओळखलं. त्याच्या खांद्याचं तीन पानी वर्णन. मी रोज माणसांचे खांदे आतून बघते, आत्या, त्यात एवढं काही नसतं.

पण लग्नाच्या प्रकरणात मी रडले. हसू नकोस. सगळे भाग ती मुलगी उघड्यावर, होड्यांत, कुणाकुणाच्या गोठ्यात झोपली, आणि शेवटी तिला स्वतःचं घर मिळालं. तेवढ्यासाठी मी लेखिकेचे बाकीचे गुन्हे माफ केले.

आपल्याही किल्ल्या हातात आल्या. तीन खोल्या आहेत. खाली शिंप्याचं दुकान आणि कोपऱ्यावर बस वळते, त्यामुळे थोडा आवाज आहे. पुढची खोली बसायची, मधली झोपायची. मागची लहान आहे पण सकाळचं ऊन पहिल्यांदा तिथेच येतं. तिथे तो दातांचे साचे आणि घासायचं यंत्र ठेवणार आहे, आणि भिंतीला माझं मोठं कपाट. मापं घेतली, बरोबर बसतं. पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी करून टाकू. सगळं लागलं की तू ये. चांगली दोन दिवस राहायलाच ये.

घरमालकाच्या मुलाला काही उद्योग नाही, म्हणून मोजत बसला असेल. अंगठ्याला शेक दे.

माझा लोभ आटण्यातला नाही, तू आपली खळ वाळू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


२७ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागे घेता येत नाहीत.

खांदा नव्हे. पुस्तक उघड. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानानंतर एकदम तीनशे पाचवं येतं. मधला एक फर्मा मी शिवलाच नाही. आधीच्या पानावर दाई राजकन्येचे केस विंचरते आहे, तिथे वाक्य अर्ध्यात तुटतं, आणि पुढच्या पानावर लग्नाचा दरबार भरलेला आहे.

त्या पानांत काय होतं ते सांगते. राजपुत्र कपाळाला आठी घालून म्हणतो, की दाईच्या अंगाला जमिनीवरच्या माणसांचा वास येतो, दरबाराला त्रास होईल. राजकन्या दोन अश्रू ढाळते, दाईच्या कपाळाची पापी घेते, तिच्या पदरात मोत्यांची पिशवी टाकते आणि तिला होडीत बसवून देते. होडीला वल्हंसुद्धा नाही. संपलं. पेटत्या महालातून जिने त्या पोरीला पाठीवर घेऊन पळ काढला, तिच्या वाटचा बाण स्वतःच्या मांडीत घेऊन जी जन्माची लंगडी झाली, तिला दीड पान. उरलेली सगळी पानं लग्नाच्या झग्याची. मी हातातलं टाकून उठले. परत येऊन सुई हातात घेतली, पण तो फर्मा माझ्याने शिववेना. बाकीचं पुस्तक शिवून तुला पाठवलं.

तुझी परीक्षा घ्यायची असं मनात नव्हतं. मला वाटलं होतं, तू लगेच लिहिशील, की आत्या, पानं कुठे गेली, आणि आपली दाई कुठे गेली? मग मी सगळं सांगेन. तू खांद्याबद्दल लिहिलंस. लग्नात रडलीस आणि त्या लग्नात दाई नाही हे तुला कळलंही नाही.

आता पुस्तक पुरे. मला ही खोली जुलैअखेर सोडायची आहे. घरमालकाच्या मुलाला इथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढायचंय. खालचा बाइंडिंगचा गाळाही त्यातच जातो. तो राहिला असता तरी फरक पडला नसता. अंगठ्यात सुई धरवत नाही. नववा भाग मी शिवलेलं शेवटचं पुस्तक आहे, आणि तेही रडत-रखडत शिवलं.

तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं, ते उपकार म्हणून मी काढत नाही. कधी काढले नाहीत. पण तीन खोल्यांत काय काय ठेवणार ते तू ओळीने लिहिलंस, दातांच्या साच्यांनाही जागा निघाली, म्हणून सरळ विचारते. मी कुठे राहणार, याचा तुमच्यात विचार झाला आहे का? झाला असेल आणि उत्तर नाही असं असेल, तर तसं लिही, ते वाचायची माझी तयारी आहे. विचारच झाला नसेल तर तेही लिही. मात्र गोड बोलून पुन्हा दोन दिवसांचं आमंत्रण देऊ नकोस, त्याचा मला उबग आला आहे.

लोभाचं तू बघ.

आत्या


६ जुलै

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. या खेपेला नमस्कार खरोखर वाकून करते आहे.

विचारच झाला नव्हता. त्याने नाही म्हटलं असं नाही, मी त्याच्यापाशी विषयच काढला नव्हता. तू तिथे आहेस, खाली गाळा, वर खोली, हे मी धरूनच चालले होते. घरमालकाच्या मुलाचं तू लिहिलंस तेही मी चेष्टेवारी नेलं.

आणखी एक सांगायचं आहे, ते लिहायला नको वाटतं. तुटलेलं वाक्य मला दिसलं होतं. छपाईची चूक असेल म्हणून मी पान उलटलं, कारण लग्न जवळ आलं होतं आणि मला तिथे पोचायची घाई होती. दाईचं नंतर काय झालं हा प्रश्न मला पडलाच नाही.

आमच्या विभागात खिडकीवर रुग्णांची नावं लिहून घेणाऱ्या मुलीजवळ हाच भाग आहे. तिचा मागून घेतला आणि तिथेच उभ्याने ती पानं वाचली. मागे रांग तटली, लोक कुरकुरायला लागले. लेखिकेची किळस आली, राजकन्येची त्याहून जास्त आली. आणि मग माझी मला आली, ती अजून गेलेली नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले. तो वाईट माणूस नाही, हे तुलाही माहीत आहे. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की मागची खोली लहान आहे, नव्या संसारात तिसरं माणूस म्हटलं की अवघडल्यासारखं होतं. आणि तुझ्या सामानाला खळीचा नि सरसाचा वास असतो, तो पडद्यांत बसला की जाणार नाही. आत्या, त्याने वासाचंच म्हटलं. त्याने तर ही पुस्तकं हातातही धरलेली नाहीत. पुढे त्यानेच तोड सुचवली, की तू वर्षातून महिनाभर पाहुणी म्हणून यावंस. मी म्हटलं, बरं, मग मीही त्या घरात वर्षातून महिनाभर पाहुणी म्हणूनच येत जाईन. तो हसला. मी हसत नाही हे दिसल्यावर निघून गेला.

मधे दोन दिवस त्याचा फोन नव्हता. मी धुमसत होते आणि घाबरलेही होते, दोन्ही. काल आला आणि म्हणाला, की साचे आणि यंत्र दवाखान्यातच राहू दे, खोली आत्याला दे. आनंदाने म्हणाला असं मी खोटं लिहिणार नाही. तोंड पाडूनच म्हणाला. पण म्हणाला, आणि परत फिरवलं नाही. कपाट बैठकीच्या खोलीत सरकवलं आहे. वाईट दिसतं, दिसू दे.

तेव्हा विचारते. आमच्याकडे येशील का? दोन दिवस नव्हे, राहायला. मागच्या खोलीत, कायमची.

तुझा लोभ मी गृहीत धरला होता. आता मागते आहे.

भिंगरी


१२ जुलै

चि. भिंगरीस,

अ. आ., या खेपेला पोटभर.

पत्र गाळ्यात बसून वाचलं. समोर शिवायला दिलेल्या जुन्या वह्या तशाच परत न्यायला आलेलं गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यादेखत रडले. त्याला वाटलं अंगठा दुखतोय. अंगठाही दुखत होता.

दुसरी एखादी आत्या असती, तर म्हणाली असती, की विचारलंस यातच सगळं आलं, तुमच्या संसारात माझी अडचण कशाला, मी बघते माझं कुठेतरी. तू चार अश्रू ढाळले असतेस, त्याने सुटकेचा श्वास सोडला असता, आणि सगळ्यांनी माझा मोठेपणा सांगितला असता. असलं मी या लेखिकेच्या पुस्तकांत भरपूर वाचलं आहे आणि दर वेळी मला शिसारी आली आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. मला ती खोली हवी आहे. मी येते आहे.

त्याचं तोंड पडलं असेल तर पडलेलं असू दे. मीही काही आरती ओवाळून घ्यायला येत नाही. खळीचा वास माझ्या सामानाला नाही, माझ्या हातांना आहे, आणि तो साबणाने जात नाही, एवढं त्याला आधीच सांगून ठेव. त्याच्या अंगालाही दवाखान्याच्या औषधाचा वास येतो, मी कधी बोलले नाही, इतकंच. आम्ही दोघं एकमेकांचं नाक सांभाळून घेऊ. तू मध्ये पडायचं नाहीस. तुमच्या भांडणात मी बोलणार नाही, आणि बोललेच तर मला आत जायला सांग, मी जाईन. स्वयंपाकात मीठ कमी असतं तुझं, तेवढं मात्र मी बोलणार.

तू विचारलंस तेव्हा, मी नको म्हणेन अशी थोडीशी आशा मनात कुठे होती का, हे मी तुला विचारत नाही. असली तरी माणूस आहेस. आता मात्र तिचा उपयोग नाही, कारण मी हो म्हटलं आहे.

गाळ्यातलं बरंच देऊन टाकलं. कात्र्या, सुया, कापडाचे तागे शेजारच्या पोरींनी नेले. पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र तेवढं बरोबर आणते आहे. काम होणार नाही त्याच्यावर, तरी आणते आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने येईन. उतरवून घ्यायला तू एकटी येऊ नकोस, त्यालाही घेऊन ये. ते यंत्र एकट्याच्याने उचलत नाही.

लोभ वाढवायला आता रोज समोरच असेन.

तुझी,
आत्या