निरंक

सोमवार, ४ फेब्रुवारी
खोली झकास मिळाली! खिडकीतून रस्ता दिसतो, नळाला पाणी आहे आणि घरमालक काका म्हणजे अगदी देवमाणूस. माझी बॅग स्वतः उचलून आणली. दाराला कडी नाही, नुसतं दारातच बसवलेलं कुलूप. एक किल्ली मला दिली, दुसरी त्यांच्याकडे, हरवली तर अडायला नको म्हणून. वरच्या मजल्यावरची टिकली, वय वर्षं सात, शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत त्यांच्याकडेच असते. माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. खोलीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून आईला काकांच्या घरचा नंबर कळवला. नाहीतर तिचा जीव टांगणीला लागतो.

बुधवार, ६ फेब्रुवारी
काम समजलं. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा भोगून सुटलेल्यांवर हे केंद्र दोन तऱ्हांनी उपचार करतं. एका गटाला इंजेक्शनं. दुसऱ्याला गोल बसवून बोलतं करायचं: आपण काय केलं, समोरच्याचं काय झालं, मोह झाला तर काय करायचं. कोणता उपचार जास्त लागू पडतो ते मी दहा वर्षांच्या फायलींवरून काढायचं. फायलींवर नावं नाहीत, नुसते नंबर. डॉक्टर म्हणाले, आकड्यांना बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. ते मला लहानपणापासून छान जमतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी
बोलका गट जिंकतोय, तोही दणक्यात. ‘पुन्हा गुन्हा’च्या रकान्यात ओळीनं निरंक, निरंक, निरंक. नंबर एक्केचाळीस तर डॉक्टरांचा लाडका. नऊ वर्षं निरंक! प्रत्येक भाषणात त्याचा दाखला देतात.
घरी आले तेव्हा काका टिकलीचे बूट पुसत बसले होते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईंना सहज विचारलं, निरंक कधी लिहायचं? म्हणाल्या, वर्षातून एकदा फोन करून ‘निरंक ना?’ विचारते, हो म्हणाले की निरंक. फोन उचलला नाही तरी निरंक, कारण रकाना रिकामा दिसला की डॉक्टर ओरडतात. फोन कुणाला करता? ज्याच्यावर उपचार झाले त्यालाच, आणखी कुणाला! बोलक्या गटातले फार गोड बोलतात, असंही म्हणाल्या. त्या हसल्या, मीही हसले.
म्हणजे काही घडलं नाही आणि कुणी विचारलं नाही, दोन्ही एकच. आठव्या वर्षी मी आईला मामाबद्दल सांगितलं होतं. तिनं ऐकलं आणि कपडे वाळत घालत राहिली. पुढच्या आठवड्यात मामा जेवायला आला. मीही निरंकच.
हे लिहिताना काही वाटलं नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी
डॉक्टरांना सांगितलं. अहवाल छापायला गेलाय म्हणाले. एवढीच शंका असेल तर स्वतः फोन करून बघा. बाईंनी फोननंबरांची वही दिली.

मंगळवार, १९ फेब्रुवारी. साडेतीन
एक्केचाळीसचा फोननंबर. मला तो पाठ आहे. मीच तो आईला —
तरी फिरवला. टिकलीनं उचलला. तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. केंद्रातून बोलतेय म्हटलं, तर पाठ केल्यासारखं म्हणाली, निरंक. कुणी शिकवलं? काकांनी. केंद्राचा फोन आला तर एवढंच म्हणायचं. बाकीचं कुणाला सांगायचं नाही.
बाकीचं.

सव्वाचार
पोलिसांना ऑफिसातूनच कळवलं. येतो म्हणाले. तिच्या आईलाही. मग पळत घरी. काका मागे कपडे वाळत घालत होते. टिकलीला माझ्या खोलीत आणलं. आतून कुलूप लावलं. ती पलंगाखाली शिरली, बुटांसकट.

काका दाराशी. ओरडत नाहीत. गैरसमज झालाय म्हणतात. मोह झाला की दहा आकडे मोजतो, विचारा तुमच्या डॉक्टरांना. मोजतायत.

फायलीतून आणलेला एक्केचाळीसचा फॉर्म मांडीवर आहे, ‘पुन्हा गुन्हा’पुढे निरंक. टिकली खालून हळूहळू बोलतेय. मी ऐकतेय.

सात. आठ.

पोलीस अजून —

दुसरी किल्ली. ती त्यांच्याकडे

फिरतेय. निरंक खोडलं. लिहिलं, होय. सांगणारी: टिकली, वय सात. ऐकणारी: मी, वय